मानशीचं दार

दिवाडी, आषाढ शुद्ध पंचमी

बाळ,

तुझं पत्र परवा मिळालं, दोनदा वाचलं. त्यात तू दोन गोष्टी लिहिल्या आहेस. त्यांचा एकमेकींशी संबंध आहे, हे लिहिताना बहुधा तुझ्या ध्यानात आलं नसावं. पहिली अशी की एका व्याख्यानात ‘कर्माचा सिद्धांत म्हणजे न्यूटनचा तिसरा नियमच’ हे ऐकलं आणि भौतिकशास्त्र शिकणारं तुझं मन सुखावलं. दुसरी, बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांच्या उशाशी बसून एक नातेवाईक म्हणाले, ‘मागल्या जन्मीचं देणं आहे, फेडायलाच हवं.’ पहिलं वाक्य गोड लागलं, दुसरं काळजात रुतलं. पण दोन्ही एकाच झाडाची फळं आहेत, म्हणून सावकाशीने उत्तर लिहितो आहे.

आधी न्यूटन. होडीवाला काठाला बांबू रेटतो आणि होडी पाण्यात सरकते. काठावर बल लागलं त्याच क्षणी होडीवर उलट दिशेचं, तितकंच बल लागलं. क्रिया आधी आणि प्रतिक्रिया मागाहून, असं तिथे काही नसतं. शिवाय ही दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात. आता कर्माकडे बघ. त्यात केलेल्याचं फळ काळाने येतं, ते करणाऱ्याकडेच येतं आणि केलं त्याच जातीचं येतं. तिसरा नियम जसाच्या तसा लावला तर दान करणाऱ्याच्या वाट्याला तत्क्षणी चोरी यायला हवी! दोन्हीकडे ‘क्रिया’ हा शब्द आहे, एवढंच साम्य. ‘सकारात्मक ऊर्जा’, ‘आकर्षणाचा नियम’ यांचंही तेच. ऊर्जा जूलमध्ये मोजतात. गुरुत्वाकर्षण ओढताना तुझी इच्छा विचारत नाही. अध्यात्माला पदार्थविज्ञानाचे कपडे चढवले की दोघांचीही अब्रू जाते, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे अध्यात्मात नियम नाहीतच का? आहेत. नसते तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

माझी आई एकादशी कडक पाळायची. माझे मामा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायला जायचे. दोघंही एकच पंचांग बघायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने हाती लागते. एकादशीला अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त आणि लांबच्या बाजूला कमी ओढतो, त्या फरकाने समुद्र फुगतो, आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. आईने उपास मोडला असता तरी सव्वाआठची भरती चुकली नसती. मग आईचा उपास खोटा होता का? मुळीच नाही. भरतीचा नियम पाण्याला बांधतो, व्रताचा नियम व्रत घेणाऱ्याला. पन्नास वर्षं दर पंधरा दिवसांनी स्वतःच्या भुकेला ‘थांब’ म्हणणारी बाई घरावर संकट आलं तेव्हा कशी उभी राहिली, ते मी पाहिलं आहे. पुन्हा पुन्हा जे करावं तसं माणूस घडत जातं. याला मी नियम म्हणतो. कोणत्याही मापाने तो मोजता येत नाही, पण ज्याला पडताळायचा आहे त्याला स्वतःच्या आयुष्यात पडताळता येतो.

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. तू कितीदा तिथून गेलेलं असशील. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा पाद्री पुढे पॅरिसला गेला. तेव्हा युरोपात मेस्मर नावाच्या वैद्याच्या मताचा बोलबाला होता. माणसाच्या अंगातून चुंबकासारखा एक अदृश्य द्रव वाहतो आणि त्याने माणसं मोहनिद्रेत जातात, असं ते मत. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने तपास केला. तिच्यात रसायनशास्त्रज्ञ लव्हॉयझिए आणि बेंजामिन फ्रँकलिन होते. असा कुठलाच द्रव त्यांना सापडला नाही. पण माणसं मोहनिद्रेत जात होती, हे तर खरंच होतं. फारियाने १८१३ पासून पॅरिसमध्ये प्रयोग करून दाखवत सांगितलं की हे सामर्थ्य माझ्या हातात नाही आणि द्रवातही नाही, ज्याला झोप लागते त्याच्या एकाग्रतेत आणि विश्वासात ते आहे. उसनं चुंबकत्व काढून टाकल्यावर गोष्ट लहान झाली नाही, उलट ती मनाच्या जवळ आली. आपल्या गोव्याच्या या माणसाकडून हे एवढं जरूर घे.

आता जे सांगतो ते आजवर फार थोड्यांना सांगितलं आहे.

आमच्या गावची खाजन शेती तुला माहीत आहे. खाडीच्या पातळीला, काही ठिकाणी तिच्याही खाली असलेली भातजमीन. मातीचा बांध खारं पाणी अडवतो. बांधात मानस असते, म्हणजे पाण्याच्या ये-जा करण्याची वाट, लाकडी दारांची. भरती चढली की बाहेरचं पाणी दार दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ते ढकलून उघडतं. दारावर माणूस बसवावा लागत नाही, दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावर सगळं चालतं. शेकडो वर्षं ही विद्या आपल्याकडे चालत आलेली आहे. शाळेत दाब शिकवताना मी मुलांना मानशीवरच घेऊन जायचो.

एका वर्षी बांधाची देखरेख माझ्याकडे होती. मृगाच्या आधी फेरी मारताना एके ठिकाणी कुर्ल्यांची बिळं दिसली, पाणी झिरपत होतं. दोन माणसं लावून चिखल भरायचा, एवढंच काम. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हटलं. शाळा सुरू व्हायची होती, घरी पाहुणे होते. आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला तिथेच भगदाड पडलं. रात्रीत खारं पाणी शिरलं आणि शेजाऱ्याचं कोरगुटाचं रोप आठवड्यात करपलं. कोरगुट खारेपणा सोसणारं भात आहे, पण सोसण्यालाही हद्द असते. माझं शेत वरच्या अंगाला होतं, त्याला काही झालं नाही.

इथे नीट थांब. आळस माझा, नुकसान त्याचं. पाण्याने दोषी कोण ते विचारलं नाही. भौतिक नियम असाच चालतो, आणि ‘पेरावं तसं उगवतं’ ही म्हण बाहेरच्या जगावर सरळ लावायला गेलं की ती अशी खोटी पडते. त्या शेजाऱ्याला कुणी ‘तुझं पूर्वकर्म’ म्हटलं असतं तर ते असत्य झालं असतं आणि वर क्रूरही.

मग मला काय मिळालं? विचारणाऱ्यांना मी सांगितलं, ‘बिळं दिसलीच नव्हती.’ एवढंच एक वाक्य. ते सांभाळायला पुढे आणखी वाक्यं लागली. त्या बांधावरची वाट मी सोडली. शेजारी समोरून आला की माझे डोळे खाली जायचे. वर्गात मुलांना ‘निरीक्षण जसं आहे तसं लिहा’ सांगताना घशात काही अडकायचं. दंड नाही, आजार नाही, कुणी शापही दिला नाही. फक्त मी हळूहळू नजर चुकवणारा माणूस होत गेलो. कर्माचं फळ म्हणतात ते मला असं कळलं. ते टाळता येत नाही, कारण ते बाहेरून येतच नाही.

तीन वर्षांनी त्याच्या ओसरीवर जाऊन खरं सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘मला ठाऊक होतं.’ त्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी मिळून बांधाला चिखल घातला. शेतातलं मीठ तोवर पावसाने धुऊन गेलं होतं. माझ्यातलं मात्र पावसाने जाणारं नव्हतं.

म्हणून सांगतो, हे दोन नियम एकमेकांना कापत नाहीत. प्रार्थनेने भगदाड बुजत नाही आणि चिखलाने खोटं बुजत नाही. पण बीळ दिसलं की ‘आहे’ म्हणणं ही दोन्हींकडची पहिली पायरी. आपल्या पूर्वजांनी ‘ऋत’ या एका शब्दात सृष्टीचा क्रम आणि सत्य दोन्ही बसवलं, आणि असत्याला ‘अनृत’ म्हटलं, ते मला फार खरं वाटतं.

बाबांबद्दल. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी पाली शिकायला घर सोडून थेट सिंहलद्वीपापर्यंत गेले. (त्यांचा मुलगा दामोदर मोठा गणिती झाला. एका घरात दोन्ही वाटा नांदल्या.) त्यांनी ज्या पाली साहित्याला आयुष्य वाहिलं, त्यातल्या संयुत्त निकाय या ग्रंथात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, माणसाला जे काही सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच का? बुद्ध नाही म्हणतात. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, विषम वागणं, आघात असली कारणं ते मोजतात, आणि या आठांमध्ये कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ, हे फक्त एक कारण आहे. सगळं पूर्वकर्मानेच होतं म्हणणारे प्रत्यक्षाच्या पलीकडे जातात, असंही ते बजावतात. तुझ्या नातेवाइकांना हे सांगायला हवं असं नाही. तुला ठाऊक असलं की पुरे. बाबांच्या मेंदूतला रक्तपुरवठा तुटला, त्याला रक्तदाबासारखी कारणं आहेत आणि त्यावर औषधं आहेत. त्यांच्या उशाशी तुझं बसणं कसं, चिडून की मायेने, ते मात्र तुझं कर्म. त्याचं फळ तुला मिळेल, त्यांच्या आजाराशी त्याचा हिशेब जोडू नकोस.

गुरुपौर्णिमेला इकडे ये. पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराला भरती. जुन्या गोव्याहून फेरीने दहापर्यंत आलंस तर दारं घट्ट मिटलेली बघायला मिळतील. मग जेवू, आणि दुपारी ओहोटीला ती उघडताना बघू. शेजारीही येईल, तो अजून रोज बांधावर फेरी मारतो. फुलं-बिलं काही आणू नकोस. बाबांच्या बोटांचे सकाळचे व्यायाम करून घे आणि मगच नीघ.

तुझे,
सर