केरळचा मृत्युदर बिहारपेक्षा जास्त, मग केरळ निरोगी कसा?

केरळचा मृत्युदर बिहार आणि महाराष्ट्रापेक्षा जास्त आहे, असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत. नमुना नोंदणी योजनेच्या, म्हणजे निवडक गावं-वस्त्यांतले जन्म-मृत्यू मोजणाऱ्या सरकारी पाहणीच्या, 2020 च्या अहवालात दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला केरळात 7.0 मृत्यू आहेत, बिहारमध्ये 5.4 आणि महाराष्ट्रात 5.5. यावरून केरळच्या आरोग्यसेवेची कीर्ती फुगवलेली आहे, असा निष्कर्ष तुम्ही काढलात. तो मात्र चुकीचा आहे.

हा ढोबळ मृत्युदर आहे. वर्षभरातले मृत्यू भागिले वर्षाच्या मध्याची लोकसंख्या, एवढंच त्याचं गणित. मेलेला माणूस दोन महिन्यांचा होता की नव्वद वर्षांचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 2021 च्या सुमारास केरळात साठी ओलांडलेले लोक साडेसोळा टक्क्यांच्या आसपास होते, बिहारमध्ये आठ टक्क्यांहून कमी. सगळी गोम इथेच आहे.

कागदावर करून बघा. दहा-दहा हजार वस्तीची दोन काल्पनिक गावं घ्या. पहिल्या गावात 3,000 वृद्ध. त्यांच्यात हजारी 30 मृत्यू, बाकीच्यांत हजारी 2. एकूण 90 अधिक 14, म्हणजे 104. दुसऱ्या गावात वृद्ध फक्त 600. त्यांच्यात हजारी 50 मृत्यू, बाकीच्यांत हजारी 5. एकूण 30 अधिक 47, म्हणजे 77. दुसऱ्या गावात म्हातारे आणि तरुण दोघंही जास्त वेगाने मरताहेत, तरी ढोबळ दर पहिल्या गावाचा 10.4 आणि दुसऱ्याचा 7.7! आता दुसऱ्या गावाचे दर पहिल्याच्या वयोरचनेला लावा: 150 अधिक 35, म्हणजे 185. हजारी 18.5. याला वय-प्रमाणित मृत्युदर म्हणतात. दोन राज्यांची किंवा देशांची तुलना करायची तर ती याच दराने करावी.

प्रमाणित दर हाताशी नसेल तर अर्भक मृत्युदर, म्हणजे वर्षाची होण्याआधी दगावलेल्या बाळांचा दर, बघा. तो हजार जिवंत जन्मांमागे मोजतात, त्यामुळे म्हाताऱ्यांच्या संख्येचा त्याच्यावर परिणाम होत नाही. त्याच अहवालात केरळ 6, महाराष्ट्र 16, बिहार 27, मध्य प्रदेश 43. माझ्या मते राज्य कसं चाललंय हे सांगणारा याहून प्रामाणिक आकडा नाही. आईचं पोषण, स्वच्छ पाणी, दवाखान्याचं अंतर, सगळं त्यात उतरतं.

पण त्यासाठी मृत्यू मोजला गेला पाहिजे. घरी जन्मून चौथ्या दिवशी गेलेलं बाळ कागदावर येतच नाही, हे आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने म्हणूनच गावोगावी जन्म-मृत्यूची स्वतंत्र नोंद ठेवली. अर्भकं दगावतात ती बहुतेक पहिल्या महिन्यात, हे त्या नोंदींतून कळलं. मग गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाची काळजी घरी पोचवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटलेला होता. हा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, ती पद्धत इथूनच देशभर गेली.

ढोबळ दर टाकाऊ नाही, त्याचं काम वेगळं आहे. जन्मदरातून तो वजा केला की लोकसंख्येची नैसर्गिक वाढ मिळते: 2020 मध्ये केरळची हजारी 6.2, बिहारची 20.1. शाळा किती लागतील, पेन्शनवर किती खर्च होईल, या हिशोबाला तोही लागतो.