आरसीएस चॅट ‘सेटिंग अप’वरच अडकलंय?

आरसीएस म्हणजे साध्या एसएमएसऐवजी इंटरनेटवरून जाणारे मेसेज. भाऊ, ते अडकलं म्हणून लगेच फोन रीसेट मारू नका. आधी बघा, मेसेजचं डीफॉल्ट ॲप गुगल मेसेजेसच आहे ना? मग ॲपमध्ये वर प्रोफाइलच्या गोलावर टिचकी मारा, मेसेज सेटिंग्ज, त्यात आरसीएस चॅट्स. ‘कनेक्टेड’ दिसलं की झालं काम.

अडतं ते बहुतेक नंबरच्या पडताळणीत. त्यासाठी फोन कधीकधी आपणहून एक एसएमएस पाठवतो, आणि रिचार्ज संपलेला असला की तो जातच नाही. रावेरला मामांच्या फोनशी मी अर्धी दुपार झटापट केली, बाहेर केळीच्या गाड्या भरत होत्या. शेवटी कळलं, पॅक कालच संपलेला! फोन बिचारा निर्दोष.

रिचार्ज ठीक असेल तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. दोन सिम असतील तर कोणत्या नंबरचं आरसीएस चालू करताय तेही तपासा. तरी जमलं नाही तर आरसीएस बंद करा, फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्समधून ‘कॅरियर सर्व्हिसेस’ची कॅशे (साठलेला तात्पुरता डेटा) साफ करा, फोन बंद-चालू करा आणि आरसीएस पुन्हा चालू करा. मग जरा धीर धरा, दर पाच मिनिटांनी बटण दाबत बसू नका. मी तेच करायचो.

समोरच्याकडे आयफोन असेल तर त्यात आयओएस १८ किंवा पुढचं हवं, शिवाय त्याच्या सिम कंपनीची साथही लागते. आणि सिम साध्या फोनमध्ये टाकणार असाल तर आधी इथलं आरसीएस बंद करा, नाहीतर लोकांचे मेसेज जुन्या फोनकडेच जात राहतील.