शिंपल्यांतला जिवाणू पेशीच्या आत काय करतो?

तुम्ही विचारलंय: तिसऱ्या (खाऱ्या पाण्यातले शिंपले) खाऊन जुलाब झाले, डॉक्टर ‘व्हिब्रिओ’ म्हणाले; हा जिवाणू पोटातल्या पेशीत घुसून करतो काय, आणि लिंबू पिळलं तर मरत नाही का?

माझं माहेर वर्सोव्याच्या कोळीवाड्यातलं आणि मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून जवळचा आहे.

तुमच्या डॉक्टरांनी म्हटलेला व्हिब्रिओ म्हणजे बहुधा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. त्याला पेशीत घुसायची गरजच पडत नाही. तो बाहेरून चिकटतो आणि सुईसारख्या नळीतून आपली प्रथिनं आत टोचतो. त्यातलं एक म्हणजे वॉप-एस. आपल्या पेशीत रो, रॅक अशी छोटी प्रथिनं बटणासारखी चालू-बंद होत असतात. चालू असताना ती पुढच्या प्रथिनाला धरतात, निरोप पोचतो आणि पेशीचा आतला सांगाडा ताठ राहतो. वॉप-एस काय करतं, तर या बटणाच्या नेमक्या धरायच्या जागी, थ्रिओनिन नावाच्या एका अमिनो आम्लावर, एटीपीमधला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतला) एएमपी नावाचा तुकडा चिकटवतं. बटण शाबूत असतं, चालूही असतं, पण पुढच्याला ते धरताच येत नाही. प्रयोगशाळेत काचेवर पसरलेल्या, टोकं काढून बसलेल्या पेशी मग अंग आवळून गोल गोल होतात. अशी जोडणी ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या स्वतःच्या एका एन्झाइमवर 1960च्या दशकातच सापडली होती. पण जिवाणू हीच युक्ती आपल्या पेशीवर वापरतो, हे डॅलसच्या संशोधकांनी 2009 साली दाखवलं. एवढासा तुकडा आणि सगळा निरोप ठप्प! वर्गात हे सांगताना मला दरवेळी थांबावंसं वाटतं.

दुसरं प्रथिन वॉप-ए. धोक्याची वर्दी केंद्रकापर्यंत नेणाऱ्या साखळीतल्या कड्यांवर ते अ‍ॅसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट बसवतं. तिथे एटीपी बसू शकत नाही, वर्दी अडते. या जिवाणूकडे अशा सुयांचे दोन संच असतात; वॉप-एस पहिल्यातून येतं, वॉप-ए दुसऱ्यातून, आणि सशाच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत जुलाब झाले ते मुख्यतः या दुसऱ्या संचामुळेच.

आता लिंबू. त्यावर भिस्त ठेवू नका. हा जिवाणू खाऱ्या पाण्यातला, आणि मनासारखी ऊब मिळाली तर साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो; म्हणजे तासाभरात एकाचे चौसष्ट. बर्फात वाढ थांबते, पण सगळे मरत नाहीत. नीट शिजवलं की मात्र मरतात.

पण एकशिपी, म्हणजे एका शिंपीसकट केलेलं तिसऱ्यांचं कालवण, छान रटरटवलेली असूनही माणसं आजारी पडतात, ती विळीमुळे. आई तिसऱ्या कच्च्याच उघडायची, शिंपीतलं पाणी पात्यावरून पाटावर ओघळायचं, आणि त्याच विळीवर वरून घालायची कोथिंबीर चिरली जायची. मी हट्टाने तिला दुसरी विळी आणून दिली. तुमच्या घरी त्या दिवशी कोथिंबीर कशावर चिरली होती, ते जरा आठवून बघा. आणि अजून ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर आजच पुन्हा डॉक्टरांकडे जा.