‘सांग’ला ‘दीसे’ का नाही?

प्रश्न असा आहे: स्पॅनिशमध्ये ‘बोल’ म्हणजे ‘आब्ला’, ‘खा’ म्हणजे ‘कोमे’. मग ‘सांग’ला ‘दीसे’ का नाही, नुसतं ‘दी’ का?

नियम तुम्हाला बरोबर कळलाय. ‘तो बोलतो’ यातलं क्रियापद जसंच्या तसं उचललं की ‘तू’ची आज्ञा तयार. फक्त आठ जण ऐकत नाहीत: दी (सांग), आस (कर), बे (जा), पोन (ठेव), साल (बाहेर पड), से (हो), तेन (घे, धर), बेन (ये). ‘बे’ आणि ‘बेन’ लिहितात व्हीने, म्हणतात ब. ‘आस’मधला एच मुका.

रोज तोंडात घोळणारी क्रियापदं झिजतात, एवढंच. बेळगावच्या बाजारातली कन्नड ऐका: ‘हेळु’ (सांग) आहे तसंच राहतं, पण ‘बरु’चं ‘बा’ होतं आणि ‘तरु’चं ‘ता’. लॅटिनमध्येच ‘दीक’ (सांग) तोकडं होतं. त्याचंच ‘दी’ झालं. तेन, बेन, पोन, साल यांचा शेवटचा स्वर पुढे गळाला.

चुका होतात त्या नकारात. ‘नो आस’ म्हणायचं नाही, ‘नो आगास’ (करू नकोस) म्हणायचं. ही आठ रूपं फक्त होकारी आज्ञेची.

गुरुजींना, मामांना बोलायचं तर ‘उस्तेद’चं (आदरार्थी ‘तुम्ही’चं) रूप लागतं आणि ते ‘मी’च्या रूपावरून निघतं: तेंगो–तेंगा, दीगो–दीगा, आगो–आगा. ‘बोय’ (मी जातो) आणि ‘सोय’ (मी आहे) इथे उपयोगाचे नाहीत. त्यांची रूपं बाया आणि सेआ. आपल्याकडे ‘यावं, बसावं साहेब’ म्हणतात ना, त्याच जातीचं हे रूप. म्हणून मित्राला ‘तेंगा’ म्हटलं तर उगाच अदब होते.

जोडक्रियापदं बहुधा मुळासारखी चालतात: मान्तेनेर (टिकवणे) – मान्तेन, आघात शेवटी. पण बेन्देसिर (आशीर्वाद देणे) याचं ‘बेन्दीसे’ होतं, म्हणजे तुमचा ‘दीसे’ इथे भेटतो!

सर्वनामं मागे चिकटतात. ‘दीमे’ म्हणजे मला सांग, ‘दीमेलो’ म्हणजे मला ते सांग; दुसऱ्यात ‘दी’वर आघातचिन्ह द्यायचं, पहिल्यात नाही. मात्र ‘साल’ला ‘ले’ (त्याला) जोडलं की दोन एल शेजारी येतात आणि स्पॅनिश वाचणारा त्यांचा य करतो. बोलायला अडचण नाही, पण हे रूप लिहिताच येत नाही, असं स्पॅनिश अकादमीच सांगते.