टोरांटो महाग आहे, तरी सुरुवात तिथूनच का करावी

प्रश्न थोडक्यात असा: कॅनडाचा पीआर (कायम राहण्याची परवानगी) मंजूर झालाय, नवरा बँकांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतो, बायकोला फराळाचा छोटा धंदा करायचाय, मुलगी पाच वर्षांची. टोरांटोत उतरावं, की भाडं बरंच कमी असलेल्या एखाद्या लहान शहरात?

टोरांटोत. निदान पहिली दोन-तीन वर्षं.

कारण सणवार आणि खाणंपिणं नव्हे. नवीन माणसाचे पहिले अंदाज बहुतेक चुकतात. नोकरी मनासारखी निघत नाही, भाग लांब पडतो, घरमालक त्रासदायक निघतो. मोठ्या शहरात हे सगळं शहर न सोडता दुरुस्त करता येतं. तुमच्या कामाच्या दोनच कंपन्या असलेल्या गावात नोकरी गेली, तर नोकरीबरोबर घर आणि मुलीची शाळाही बदलते. भाड्यात वाचवलेले पैसे त्या एका स्थलांतरात जातात.

२०२१ च्या जनगणनेत टोरांटो शहराची लोकसंख्या २७,९४,३५६ होती, आजूबाजूचा महानगर पट्टा धरून ६२ लाखांच्या वर. शहरातले साधारण ४६ टक्के लोक कॅनडाबाहेर जन्मलेले. धंद्याच्या नजरेने या आकड्यांचा अर्थ असा की इथे बारीकसारीक मागणीलाही पुरेसं गिऱ्हाईक सापडतं. हजारात एकाला लागणारी वस्तू पन्नास हजारांच्या गावात पन्नासच लोक घेणार. त्यावर दुकान चालत नाही. साठ लाखांत तेच सहा हजार होतात. कंपन्यांचंही तेच गणित. देशातल्या पाचही मोठ्या बँकांचा मुख्य कारभार डाउनटाउनमधल्या बे स्ट्रीटच्या परिसरातून चालतो, शेअर बाजार तिथेच, आणि त्यांना सॉफ्टवेअर पुरवणारे, तपासणारे, कायदेशीर कागद करणारे त्यांच्याच आजूबाजूला. माणसं आहेत म्हणून कंपन्या येतात, कंपन्या आहेत म्हणून माणसं. महापालिकेची ३११ ही चौकशीची लाइनसुद्धा १८० हून जास्त भाषांत मदत देते. क्लिनिक, विमा कंपन्या आणि बँकांच्या शाखाही अनेक भाषा येणारी माणसं शोधतच असतात.

या वैविध्याला आधार देणाऱ्या काही गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. शहराच्या पश्चिमेकडच्या एटोबिको भागातलं ऑन्टारियो फूड टर्मिनल हे त्यातलं एक. १९५४ पासून चाललेला हा भाजी-फळांचा घाऊक बाजार देशातला सर्वांत मोठा. पहाटे नोंदणीकृत दुकानदार इथून माल उचलतात, म्हणून मोठ्या सुपरमार्केट साखळीच्या गोदामावर अवलंबून नसलेलं छोटं दुकानही भेंडी, मेथी, कारली ठेवू शकतं. किरकोळ गिऱ्हाइकाला आत प्रवेश नाही.

आता फराळाचं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. ऑन्टारियोत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे, घरच्या स्वयंपाकघरातून खाद्यपदार्थ विकता येतात, पण सोपी वाट फक्त ‘कमी जोखमीच्या’ पदार्थांना आहे, म्हणजे फ्रिजबाहेर सुरक्षित राहणाऱ्या. पदार्थ पुरेसा आंबट हवा (पीएच ४.६ किंवा कमी) किंवा त्यात जंतू वाढतील इतका ओलावा नको. चकली, शंकरपाळे, चिवडा, बेसनाचे लाडू, सुक्या खोबऱ्याच्या करंज्या या चौकटीत बसण्यासारख्या आहेत. ओल्या नारळाच्या करंज्या किंवा खव्याचे पदार्थ बसतील असं गृहीत धरू नका. लिंबाचं, कैरीचं लोणचं आंबट असतं. तेलात बुडवलेल्या लसणाला मात्र हमखास हरकत येते, कारण आंबटपणा कमी आणि तेलाखाली हवा नाही, अशा ठिकाणी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात.

विक्री सुरू करण्याआधी टोरांटो पब्लिक हेल्थला (शहराच्या आरोग्य खात्याला) कळवावं लागतं. तिथे पदार्थांची पूर्ण यादी द्या, ‘मराठी स्नॅक्स’ असं मोघम लिहू नका. तपासणारा माणूस यादी बघूनच जोखीम ठरवतो. पोळी-भाजीचा डबा या सवलतीत येत नाही. भात, आमटी, उसळ हे जोखमीचे पदार्थ. त्यासाठी तपासणी झालेलं किचन लागतं. ते तासावर भाड्याने मिळतं. तिथे बहुधा फूड हँडलरचं (अन्न सुरक्षितपणे हाताळण्याचं) प्रमाणपत्र मागतात, ते पाच वर्षं चालतं. फक्त कमी जोखमीचे पदार्थ घरून विकणाऱ्यांना त्याची सक्ती नाही, पण मी म्हणेन काढून ठेवाच.

लेबलकडे आपल्या लोकांचं हमखास दुर्लक्ष होतं. कॅनडाच्या ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत शेंगदाणे, गहू, दूध यांच्याबरोबर तीळ आणि मोहरीही आहेत. म्हणजे भाजणीच्या चकलीत तीळ घातले तर तसं लिहा आणि लोणच्यात मोहरी असणारच, तर तीही लिहा. ‘मसाले’ म्हणून भागत नाही.

धंदा स्वतःच्याच पूर्ण नावाने केला तर व्यवसायाचं नाव नोंदवावं लागत नाही. वेगळं नाव ठेवलं तर ऑनलाइन नोंदणी ६० डॉलर, पाच वर्षांसाठी. सुरुवातीलाच कंपनी काढायचा सल्ला ऐकू नका, निव्वळ हिशेबनिसाचा खर्च वाढतो. लागोपाठ चार तिमाह्यांत मिळून विक्री ३०,००० डॉलरच्या वर गेली की एचएसटीची (विक्रीकराची) नोंदणी सक्तीची. ऑन्टारियोत तो १३ टक्के. घरात लागणाऱ्या मूळ किराण्यावर तो लागत नाही, चिवड्यासारख्या खाऱ्या खाऊवर लागतो, म्हणून कोणता पदार्थ कशात मोडतो ते आधीच विचारून घ्या. आणि भाड्याच्या घरातून धंदा करायचा तर करारनामा आणि इमारतीचे नियम, दोन्ही वाचूनच.

घराबद्दल. एका बेडरूमचं भाडं साधारण २,००० ते २,५०० डॉलरच्या आसपास धरा. जाहिरातीत भाड्याइतकाच एक प्रश्न महत्त्वाचा: या घरात पहिल्यांदा कोणी राहायला आलं ते १५ नोव्हेंबर २०१८ च्या आधी की नंतर? आधीचं असेल तर वार्षिक वाढीला सरकारी मर्यादा आहे. २०२५ साली ती २.५ टक्के होती, २०२६ साठी २.१. नंतरच्या घराला ही मर्यादा लागू नाही. चकचकीत नवा कॉन्डो पहिल्या वर्षी परवडतो, आणि वर्ष झालं की ९० दिवसांची नोटीस देऊन मालक हवं तेवढं भाडं वाढवू शकतो. जुनी, लिफ्ट कुरकुरणारी भाड्याची इमारत कित्येकदा जास्त शहाणपणाची.

मालक मागू शकतो ते शेवटच्या महिन्याचं भाडं आणि किल्लीची परत मिळणारी, किल्लीच्या किमतीएवढी रक्कम. नुकसानभरपाईची अनामत मागणं बेकायदा आहे. आगाऊ तारखांचे चेक द्यायची सक्तीही करता येत नाही. करार सरकारी नमुन्यावरच हवा. नव्या माणसाची खरी अडचण म्हणजे क्रेडिट हिस्ट्री (कर्ज-बिलं वेळेवर फेडल्याची नोंद) नसते, म्हणून मालक कचरतो. त्यासाठी बँकेचं स्टेटमेंट, नोकरीचं पत्र असेल तर ते, आणि भारतातल्या घरमालकाचं इंग्रजी शिफारसपत्र अशी एक फाइल तयार ठेवा. घर न बघता, फक्त फोटोंवर, पैसे पाठवू नका; किल्ली टपालाने पाठवतो म्हणणारा मालक हा मालक नसतो. तळघरातलं घर स्वस्त मिळतं, पण दोन गोष्टी बघाच: आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा मार्ग किंवा मोठी खिडकी आहे का, आणि हीटिंगचं बटण कोणाच्या ताब्यात आहे. हिवाळ्यात किमान २१ अंश तापमान ठेवणं शहराच्या नियमाने मालकावर बंधनकारक आहे.

भाग निवडताना नकाशावरचं अंतर बघू नका, मेट्रोची लाइन बघा. लाइन १ इंग्रजी यू अक्षरासारखी वाकून डाउनटाउनमधून जाते, लाइन २ किपलिंगपासून केनेडीपर्यंत आडवी. या दोन्हींपासून एका बसच्या टप्प्यात राहिलात तर बे स्ट्रीटची कोणतीही नोकरी पकडता येते. प्रवासाच्या प्रेस्टो कार्डाने एक फेरी ३.३० डॉलर, दोन तासांत कितीही बदल्या. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. फेब्रुवारी २०२४ पासून मिसिसागा, ब्रॅम्पटनसारख्या शेजारच्या शहरांच्या बसमधून टीटीसीत (टोरांटोच्या बस-मेट्रो सेवेत) बदली केली तर दुसरं भाडंही लागत नाही. त्यामुळे पूर्वी टाळावे लागणारे सीमेवरचे भाग आता विचारात घेण्यासारखे झालेत. शहराच्या पूर्वेकडच्या स्कारबरोतल्या घरांच्या जुन्या जाहिरातींत ‘आरटीजवळ’ (आरटी ही तिथली रेल्वे लाइन) लिहिलेलं दिसलं तर भुलू नका. ती लाइन २०२३ च्या जुलैमध्ये डबा रुळावरून घसरल्यानंतर कायमची बंद झाली.

किंडरगार्टन सरकारी शाळेत मोफत आहे, पण शाळा पत्त्यावर ठरते. करारावर सही करण्याआधी तो पत्ता शाळा बोर्डाच्या संकेतस्थळावर टाकून बघा.

नोकरीच्या बाबतीत ‘कॅनडियन एक्स्पीरियन्स’, म्हणजे कॅनडात आधी काम केल्याची अट, ही जुनी अडगळ. १ जानेवारी २०२६ पासून ऑन्टारियोत २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरातीत ती अट घालता येत नाही आणि पगाराची श्रेणीही सांगावी लागते. मुलाखतीत मनात काय चालतं ते कायदा बदलत नाही, म्हणून टेस्टिंगवाल्याने आपला अनुभव इथल्या कामाच्या भाषेत मांडावा: कोणती पेमेंट यंत्रणा, किती टेस्ट केस, कोणतं टूल, कोणत्या चुका पकडल्या. एसीसीईएस एम्प्लॉयमेंटसारख्या संस्था पीआरधारकांना हे मोफत शिकवतात. ज्याने नोकरी लावून द्यायचे पैसे मागितले त्याच्याकडे परत जाऊ नका.

मोठ्या शहराचा एक सापळा आहे: आपल्याच लोकांत इतकं छान निभतं की पहिलं वर्ष त्यातच जातं. घर ओळखीच्यातलं, काम रोखीवर ओळखीच्याकडे, सल्लाही त्यांचाच. रोखीच्या कामाचा ना पगाराचा पुरावा, ना क्रेडिटला उपयोग, ना पुढच्या मालकाला दाखवायला पत्र. मंडळाच्या गणपतीला जरूर जा, फराळाचं पहिलं गिऱ्हाईक तिथेच मिळेल. पण दुसरं मिळवायला शेतकरी बाजारातल्या टेबलावर उभं राहावं लागेल, जिथे चकली म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं.

उतरल्यावर आधी सिन नंबर (नोकरी आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक), मग बँक खातं, मग ओएचआयपी (प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्याचं) कार्ड. त्याला तीन महिने थांबायची जुनी अट आता नाही. फॅमिली डॉक्टर लवकर मिळत नाही, तोवर वॉक-इन (आधी वेळ न घेता जाता येणारं) क्लिनिक. आणि निघण्यापूर्वी आरटीओतून ड्रायव्हिंग लायसन्स किती वर्षांपासून आहे याचं पत्र आणा, त्याने इथल्या टप्प्याटप्प्याच्या परवान्यातली प्रतीक्षा कमी होते. गाडी मात्र लगेच घेऊ नका: विम्याचा हप्ता पिनकोडवर बदलतो, ब्रॅम्पटनचा विशेष चढा, म्हणून पत्ता पक्का झाल्यावर त्याच पिनकोडचे तीन-चार दर मागवा आणि मगच गाडी बघा.