खोकी नंतर उघडू, आधी वार ठरवा

ताई, तुम्ही विचारलंय की सांगलीत बँकेत नोकरी आहे, घरात मुलांची वाचून झालेली दोन खोकी पुस्तकं पडून आहेत, रविवारी दोन तास मोकळे असतात, तर जवळच्या झेडपी शाळेतल्या मुलांना वाचायला शिकवायला सुरुवात कशी करू. मी शिक्षक नाही, वाळवा तालुक्यात माझं खताचं दुकान आहे, पण नऊ-दहा वर्षं हा पोरांना वाचायला शिकवायचा उद्योग चाललाय, त्यामुळं जे चुकत चुकत कळलं तेवढं सांगतो.

रविवार सोडून द्या. शाळेला कुलूप असतं आणि पोरं एकतर रानात नायतर क्रिकेटला. तुम्हाला बँकेत दुसरा न चौथा शनिवार सुट्टी असतेय की, आणि शनिवारी शाळा सकाळची असते, मुख्याध्यापकांना भेटून त्यातला एक तास मागा. शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर पण घाला, त्यात बहुतेक पालकच असतात, त्यांना माहीत असलं की पुढं कुणी 'ह्या बाई कोण' म्हणत नाही. एकटं दार लावून बसायचं नाही, शिक्षक जवळपास असू देत, आणि पोरांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत. एवढं झालं की मग महिन्यातले ते दोन शनिवार कायम पाळायचे, लग्न असो नायतर बारसं. दोन वेळा चुकलात की पोरं तुम्हाला पाहुण्यात धरतात, मग खाऊ विचारतात, गोष्ट नाही.

आता वाचनाचं. पहिल्या दिवशी चौथीतला एक पोरगा माझ्यासमोर उभा राहिला आणि धडा असा खणखणीत वाचला की मी सरांकडं बघून मान डोलावली. सहज म्हणून मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं हे काय, तर तो ओळीच्या सुरुवातीला गेला, तिथनं पुटपुटत पुटपुटत एकेक शब्द मोजत माझ्या बोटापर्यंत आला आणि मग सांगितलं. बरोबर सांगितलं, पण त्याला वाचताच येत नव्हतं, अख्खा धडा पाठ होता. तेव्हापासून मी इयत्ता विचारत नाही. आधी अक्षरं, मग सोपे शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद, मग छोटी गोष्ट, असं करून बघायचं आणि पोरगं जिथं अडतंय तिथं त्याला बसवायचं. प्रथम ही शिक्षणातली संस्था 2005 पासून 'असर' नावाच्या सर्वेक्षणात, म्हणजे पोरांना वाचता येतंय का ते तपासताना, साधारण हेच करते, त्यात सगळ्यात अवघड म्हणजे दुसरीच्या पातळीची गोष्ट, तरी पाचवीतली कितीतरी पोरं तिथं अडतात. आपल्या मराठीत घोटाळा होतो तो जोडाक्षरात, त्यातही र मध्ये. 'सूर्य'चं 'सूय' होतं, 'ट्रक' मात्र न वाचता सांगतात कारण चित्र बघितलेलं असतं. म्हणून चित्रावर हात ठेवून विचारा एकदा.

पण शिकवणी नका करू. तासातला निम्मा वेळ तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा, बोट ओळीखाली फिरवत, आवाज काढत, लाज सोडून. मी सुरुवातीला स्पर्धा ठेवली होती, जो जास्त पुस्तकं वाचंल त्याला कंपासपेटी. एकानं एका दुपारी अकरा पुस्तकं 'वाचली', नुसती पानं पालथी केली. कंपासपेटी द्यावी लागली, शब्द दिला होता ना.

खोक्यांबद्दल सांगायचं तर लोक देतात त्यात निम्मी दहावीची गाइडं, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणि दिवाळी अंक असतात, पहिलीच्या पोराला त्याचं काय. आणि शाळेला भेट म्हणून दिलीत की ती रजिस्टरला चढतात, हरवलं तर जबाबदारी गुरुजींवर, मग कपाटाला कुलूप. यात गुरुजींचा दोष नाही. तुम्ही आपली पिशवीतनं न्या, वर्गात सुतळी बांधून कपडे वाळत घालतात तशी टांगा, फाटली तर फाटली. कमी पडली तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी 1 ते 4 पातळ्या लावून फुकट आहेत, छापून घेता येतात. जरा मोठ्या पोरांसाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक, 1971 पासून निघतंय, जुने अंक नेटवर वाचायला मिळतात. पाचगणीजवळच्या भिलारला सहल काढायची हौस सगळ्यांनाच येते, मे 2017 पासून ते पुस्तकांचं गाव झालंय, घराघरांत पुस्तकं मांडलीत, जागा झकास आहे, पण पहिल्या वर्षी नको, आमच्या पोरांना परत आल्यावर स्ट्रॉबेरीच आठवत होती.

आणखी एक, दिवाळीनंतर आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या जास्त. आईबाप पहाटेच कोयता घेऊन फडात, आणि आठ-नऊ वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन कोपीपाशी, म्हणजे त्यांच्या झोपडीपाशी. तिला शाळेत चल म्हटलं तर धाकट्याचं काय करायचं? तर तिथंच झाडाखाली बसा आणि धाकट्यासाठी पाटी-खडू न्या, नायतर तो गोष्ट होऊ देत नाही. आम्ही एका हंगामात बारा आठवड्यांचा आराखडा करून तक्ता रंगवला होता, पाचव्या आठवड्याला गेलो तर कोप्याच नव्हत्या, नुसती चुलीची राख. फड संपला, टोळी पुढं गेली. आमची सहा पुस्तकं पण त्यांच्याबरोबर गेली आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही, पण तेव्हापासून तिथली प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी संपवतो, पुढच्या वेळंला काही ठेवत नाही.

तर येत्या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटून या. आणि त्या खोक्यांत काय काय आहे ते इथं टाका, त्यातली कुठली न्यायची ते बघू.