मंडळाचं पहिलं रक्तदान शिबिर घेताय?

भावा, गणपतीत शिबिरं भरपूर होतात. रक्त कमी पडतं ते एप्रिल-मेमध्ये, कॉलेजं बंद असताना. बेळगावात शिवजयंती वैशाखातच असते, तेव्हाच घे. फलक मराठी-कन्नड दोन्हीत लाव, पण पोरं येतात ती समोर जाऊन विचारल्यावरच.

नव्यांच्या ठरलेल्या चुका:

- पोरांना उपाशी बोलावणं. नाश्ता करून, पाणी पिऊनच यायला सांग.
- पात्रता आधी न सांगणं: किमान वय १८, वजन ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. टॅटू काढला असेल तर वर्षभर थांबायचं. परत पाठवलेल्या पोराची थट्टा झाली की तो पुन्हा फिरकत नाही.
- भेटवस्तूंचं आमिष. त्यापायी पोरं आजार लपवतात (शिबिरात हेल्मेट वाटणारे रागावतील, रागावू देत).

रक्त दिल्यावर लगेच गाडीवर बसू देऊ नकोस. बाकीचं रक्तपेढीवाले बघतात.